तांब्यावरचे उलटे बैल

नंदुरबारात जुनं चांदीचं भांडं दुरुस्त करावं ते निजामनंच. साठी उलटली तरी त्याचा हात कापत नाही. फक्त त्याच्यापुढे आजोबांचा विषय काढू नये. आजोबांच्या कामात खोट काढणारा अजून जन्मायचाय, हे तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. चहाला थांबलात तर दोनदा.

परवा तापीकाठच्या धनुबाई चांदीचा तांब्या घेऊन आल्या. नात रुचिकाच्या लग्नात आंदण द्यायचा, पण पडून पोचा आलेला. बुडाशी चंद्रकोरीची खूण दिसताच निजाम खुलला. तांब्या आजोबांनीच घडवलेला होता. भोवतीनं सगळं गाव कोरलेलं: दळणारी बाई, ताडावर चढलेला माणूस, विहिरीवर मोट ओढणारी बैलजोडी. चांदी नजरेआड करायची नाही हा धनुबाईंचा नेम, म्हणून त्या समोरच ठाण मांडून बसल्या.

निजामनं आतून ठोकून पोचा काढला, कोरताना पत्रा दबू नये म्हणून तांब्यात गरम राळ भरली आणि पोच्यात अर्धवट बुजलेली बैलजोडी पुन्हा कोरायला छिन्नी उचलली. तेवढ्यात धनुबाई पदराआड हसल्या.

"काय झायं, माय?"

"बैल देख ना, भाऊ. मोट वढतस आन तोंड इहीरकडे. पानी कसं वर येई?"

निजामचा चेहराच उतरला. मोट ओढताना बैल विहिरीकडे पाठ करून उतारानं चालतात. बाजारात जन्म काढलेल्या आजोबांनी मोट कधी पाहिलीच नसावी. पण बैल तर बुजलेलेच होते. आत्ता तोंडं फिरवली की आजोबांचं नाव शाबूत.

"सरळ करी देस मी," तो घाईनं म्हणाला.

"नको रे भाऊ. मी नवी नवरी उनू तवय सासरमा निस्ती रडू. सासरानी हाऊ तांब्या दखाडा. त्या घरमा मी पहिल्यांदा हासनू ती ह्या बैल देखीसन. आते रुचिका नव्या घरमा जाई ऱ्हायनी."

निजामनं बुजलेल्या बैलांवरून अंगठा फिरवला. आजोबांची लाज वाटली, आणि ते कधी नव्हे इतके जवळचेही वाटले. मग त्यानं बैल होते तसेच, तोंड विहिरीकडे करून कोरले. धनुबाई पुन्हा हसल्या.

आजोबांच्या भांड्यावर स्वतःची खूण उमटवायची छाती त्याला आजवर झाली नव्हती. राळ काढून झाल्यावर त्यानं तांब्या पालथा केला आणि चंद्रकोरीशेजारी आपली चांदणी ठोकली.