गल्लीच्या मधोमध गेलेली रेघ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, अगदी घरीसुद्धा नाही. कुंभारगल्लीच्या मधोमध जाणारी प्रभागाची हद्द मीच आखली. तेव्हा मी महापालिकेत नकाशे काढायचो. साहेब म्हणाले, "रेघ जरा गल्लीतून घ्या," आणि मी घेतली. कशासाठी, ते मला ठाऊक होतं. गल्लीची मतं दोन प्रभागांत विभागली की ती कुणालाच जड जाणार नव्हती.

काल क्षेत्रीय कार्यालयाच्या भिंतीवर नव्या प्रभागांचा कच्चा नकाशा लागला. गल्लीतल्या दोघीजणी त्याला अगदी नाक लावून उभ्या होत्या. एकीचं बोट नव्या हद्दीवरून, नाल्याच्या कडेकडेनं फिरत गेलं आणि ती ओरडलीच, "शांताक्का, तुमचं दार नि माझं दार एकाच प्रभागात!"

"म्हणजे गटार तुंबलं की 'पलीकडच्या नगरसेवकाला सांगा' म्हणायची सोय गेली मेल्यांची!"

"आता तुम्हीच उभ्या राहा. भांडायला तुमच्याएवढं तयार कोण आहे?"

दोघी खळखळून हसल्या आणि त्यांच्यामागं उभ्या असलेल्या मलाही फार आनंद झाला. कागदावर एक रेघ सरकते काय, आणि वर्षानुवर्षं समोरासमोर राहणारी माणसं एकदम एका बाजूची होतात काय! मतदान फार नंतर येतं. न्याय-अन्याय आधीच पेन्सिलीच्या टोकाशी ठरून जातो.

"पण कुणीतरी हरकत घेणार आहे म्हणे," शांताक्कांचा आवाज उतरला. "जुनीच हद्द बरोबर होती म्हणतात."

ती बरोबर नव्हती. हरकतीच्या सुनावणीत उभं राहून, स्वतःच्या नावानिशी हे सांगायचं, एवढं मी या गल्लीचं अजून देणं लागतो.