किसनभाऊंचा फुलीवाला बॉल

गोल्फ क्लबातले साहेबलोक किस्से सांगतात ते स्वतःचे. आपण कसा मारला आणि वारा कसा आडवा आला. आम्ही कॅडी सांगतो ते त्यांचे. तीस वर्षं दुसऱ्याच्या बॅगा वाहिल्या की असला माल आपोआप साठतो, आणि घरी कुणी ऐकून घेत नाही. तुम्ही चहाला थांबलाच आहात तर ऐका. फक्त माझ्या प्रत्येक किश्श्यात किसनभाऊ येणार, त्याला माझा इलाज नाही.

किसनभाऊ घोरावाडीचे, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. मी लोणावळ्याचा. आमचा क्लब मधे, डोंगराच्या पायथ्याला. पहिल्याच दिवशी मी साहेबाला बिनधास्त सांगून टाकलं, की बॉल कुठे गेला ते मी पाहिलं नाही. किसनभाऊंनी मला बाजूला घेऊन टपली मारली.

"बॅग कुनीबी उचलतंय, सादिक. कॅडीला नजर असावी लागती."

त्यांची नजर म्हणजे, काय सांगू! अडीचशे यार्डांवर गवतात पडलेला बॉल ते चालत जाऊन, न शोधता, नुसतं बोट करून दाखवायचे.

*

एकदा स्पर्धेचा शेवटचा होल. एका बड्या साहेबांची बॅग भाऊंकडे. साहेबांचा बॉल कोर्सच्या हद्दीबाहेर, शेजारच्या भातखाचरात गेला. पण साहेब पुढे चालत गेले आणि त्यांना तो हद्दीच्या आत सापडला! कसा, ते साहेबांना आणि त्यांच्या खिशाला ठाऊक.

"काय किसन, आतच पडला होता ना?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"न्हाई सायेब. खाचरात पडला. हद्दीच्या पांढऱ्या खुंटीच्या चार पावलं पल्याड."

कप गेला. त्या साहेबांनी पुन्हा कधी भाऊंना बॅग दिली नाही. चहाच्या वेळी मी भाऊंवर चिडलो, की एवढ्या तेवढ्यानं काय बिघडलं असतं. ते बशीत चहा ओतत म्हणाले, "घरी बायकोला मी धा येळा खोटं सांगतो. पर बॉल कुटं पडला ह्ये खोटं सांगायचं न्हाई. मंग आपलं हितं काम काय?"

*

सोमवारी क्लब बंद. त्या दिवशी कोर्स आमचा. बाकीचे कॅडी दोन-चार होल खेळून पांगायचे, आम्ही दोघं अठराच्या अठरा खेळायचो. साहेबांनी टाकून दिलेल्या सात काठ्या दोघांत मिळून. इतक्या वर्षांत मी दोनदा जिंकलो, आणि त्यातल्या एकदा भाऊंना ताप होता.

भांडणंही व्हायची. दोघांचे बॉल सारखेच, त्यामुळे हा तुझा की माझा यावर एकदा आम्ही आठवडाभर बोललो नव्हतो. मग भाऊंनी पोती शिवायचा दाभण चुलीत लाल केला आणि आपल्या प्रत्येक बॉलवर फुली कोरली. चांगली खोल, बोटाला लागेल अशी. मी म्हटलं, पेनाचा ठिपका दिला असता तरी चाललं असतं. तर म्हणे पेन चिखलात पुसतं. वहिनी दाभणापायी महिनाभर कुरकुरत होत्या.

*

पावसाळ्यातली गोष्ट. भाऊ ऐटीत उभे राहिले आणि साहेबांना म्हणाले, "हितं हाय." साहेब वाकले, तर अळंबी! चौघे साहेब पोट धरून हसले. कँटीनमध्ये तो किस्सा दिवाळीपर्यंत पुरला. भाऊसुद्धा हसले, म्हणाले भाजीची सोय झाली. मीही हसलो.

दोन दिवसांनी ते एका बगळ्याकडे बॉल म्हणून चालत गेले. तेव्हा बघायला मी एकटाच होतो. मला हसू आलं नाही.

*

त्यानंतर आम्ही खोकला ठरवला. मी एकदा खोकलो तर बॉल डावीकडे, दोनदा खोकलो तर उजवीकडे. दोन हिवाळे असे काढले. एका बाईसाहेबांनी दया येऊन मला खोकल्याचं औषध आणून दिलं, आणि मी ते त्यांच्यासमोर प्यालो. काय करणार!

एक दिवस भाऊ स्वतःच सेक्रेटरीसाहेबांच्या केबिनमध्ये गेले, बिल्ला टेबलावर ठेवला आणि मला बॉल दिसत नाही म्हणून सांगून आले. मला आधी शब्दानं बोलले नाहीत. त्या दिवशी मी त्यांच्यावर इतका रागावलो की जेवलो नाही. खरं तर राग नव्हता. उद्यापासून या माणसाशिवाय कोर्सवर चालायचं, याची भीती वाटली होती.

मग पुण्याला दाखवलं. काचबिंदू. गेलं ते परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. जिना उतरताना भाऊंनी एवढंच विचारलं, की सोमवारी खेळायचं ना.

*

खेळलो. दिसायचं पूर्ण बंद झाल्यावरही खेळलो. मी त्यांना उभं करायचो, काठी बॉलमागे टेकवून द्यायचो, खांदे वळवायचो. ते मारायचे आणि मग विचारायचे, कुठे गेला. मी सांगायचो. खाचरात गेला तर खाचरात. चार वर्षं असं चाललं.

गेल्या हिवाळ्यात क्लबानं नोटीस लावली, की पुढच्या आठवड्यापासून सोमवारीही पाहुणे खेळणार, कॅडींचा खेळ बंद. म्हणजे तो आमचा शेवटचा सोमवार. मी घोरावाडीला जाऊन भाऊंना घेऊन आलो. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता. ते छान खेळले. अठराव्या होलला दोघं बरोबरीत होतो. त्यांच्याकडे फुलीवाला एकच बॉल उरला होता.

मारला. बॉल उजवीकडे वळला, खुंट्यांच्या बाहेर गेला आणि घाणेरीच्या जाळीत दिसेनासा झाला.

"कुटं गेला?"

"मधोमध, भाऊ," मी म्हणालो. "असा तुम्ही वर्षात मारला नव्हता."

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले. चालता चालता मी खिशातला माझा एक बॉल मधोमध गवतात हळूच सोडला आणि म्हटलं, हा बघा, इथे.

भाऊ खाली बसले. हातानं चाचपून बॉल उचलला, शर्टाला पुसला. मग अंगठा बॉलवरून फिरवला. एक पूर्ण फेरी. मग बॉल उलटा करून आणखी एक. मी डोंगराकडे बघत राहिलो. मला खरोखरच खोकला आला.

"व्हय, माझाच हाय," भाऊ म्हणाले, आणि बॉल होता तिथेच गवतावर ठेवला. "सात नंबरची काठी दे."