नाव घेण्याचा प्रयोग

बेंगळुरूच्या यशवंतपुरात राहणाऱ्या सगुणाबाईंना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. आपण कोण आहोत हे आपल्या नवऱ्याला अजून ठाऊक आहे की नाही?

मालोजीरावांनी जन्मभर बाजारात गुळाची अडत सांभाळली. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूला येऊन स्थिरावले होते. दुकानात कन्नड आणि घरात मराठी, अशी त्यांची रीत. गेली दोन वर्षे त्यांची आठवण झिजत चालली होती. आधी किल्ल्या गेल्या, मग ओळखीचे रस्ते, मग थोरल्या मुलाचा चेहरा. अखेर सगुणाबाई त्यांना मनाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत घेऊन गेल्या. तेथे रम्या नावाची तरुण संशोधिका स्मरणशक्तीवर प्रयोग करीत होती.

बंद खोलीत रम्याने कन्नडमधून वार विचारला, गाव विचारले. मग ती म्हणाली, "अण्णा, तुमच्या पत्नीचं नाव काय?"

मालोजीराव लाजल्यासारखे हसले. "बायकोचं नाव परक्यापुढं घेतात होय? हे काय पोलीस ठाणं आहे?"

रम्याने शून्य गुण दिले. शेजारी बसलेल्या सगुणाबाई लगेच पुढे झाल्या.

"अहो, त्यांनी मला नावानं कधीच हाक मारलेली नाही. आमच्या घराण्यात बायकोचं नाव घेत नाहीत. नुसते घसा खाकरतात, मी समजते. म्हणजे विसरले असं नाही!"

"आठवतं असंही नाही ना, अक्का," रम्या हळू आवाजात म्हणाली. "गप्प राहण्याची कारणं दोन असू शकतात. यातलं कोणतं खरं, ते ही खोली सांगू शकत नाही."

मग तिने समजावून सांगितले. काही प्रयोग अशा खोलीत होतात. तेथे सारे संशोधकाच्या हातात असते, पण माणूस बुजतो. काही प्रयोग माणसाच्या स्वतःच्या जागी, त्याच्या रोजच्या वागण्यात करतात. तेथे एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे तसेच ठेवायचे. तिसऱ्या प्रकारात संशोधक काहीच बदलत नाही. बदल आयुष्यच घडवते. संशोधक केवळ पाहतो आणि नोंद करतो.

तो तिसरा प्रयोग आपल्या घरी कधीचाच चालू आहे, असे सगुणाबाईंच्या मनात आले. मालोजीराव खाकरले की त्या हातातले काम टाकून धावत. आपल्याला हाक मारली, की नुसता कफ दाटला, हे त्यांना कळेनासे झाले होते. अशाने माणसाला वेड लागेल.

"दुसरा करू या," त्या म्हणाल्या. "आमच्यात नाव घ्यायची एकच जागा असते. उखाणा. तिथं लाज वाटत नाही."

रविवारी दुपारी पाने मांडली. रम्या पाहुणी म्हणून पंगतीला बसली. सगुणाबाईंनी लग्नातला शालू नेसून नवऱ्याशेजारचा पाट घेतला. सुनेने, सुचेताने, श्रीखंडाची वाटी उचलून धरली.

"मामंजी, नाव घेतल्याशिवाय घास नाही! मला लग्नात तीनदा घ्यायला लावलं होतंत, आठवतंय?"

"श्रीखंडावर डोळा ठेवून सुना अशाच छळतात," मालोजीराव म्हणाले. सगळे हसले. सगुणाबाईंना वाटले, आहे, हा माणूस जागेवर आहे! मालोजीराव ताठ बसले आणि लग्नात म्हटलेला उखाणा खणखणीत आवाजात म्हणू लागले,

"गुळाची ढेप फोडली, खडा निघाला गोड..."

पुढे नाव यायचे होते. नकळत सगुणाबाईंचे ओठ नावाच्या पहिल्या अक्षरापाशी आले. रम्याने मान हलवून त्यांना थांबवले.

मालोजीरावांनी शेजारी पाहिले. शालू पाहिला, चेहरा पाहिला. मग अदबीने विचारले, "तुमचं नाव काय, अक्का?"

सुचेताच्या हातातली वाटी खाली आली.

रम्या म्हणाली, "प्रयोग संपल्यावर, ज्याच्यावर तो केला त्या माणसाला सारं सांगावं लागतं, असा नियम आहे. मी सांगू का?"

"नको. मीच सांगते." सगुणाबाई नवऱ्याकडे वळल्या. "मी सगुणा. तुमचीच सगुणा. तुम्हाला मी आठवते का, हे आम्ही पाहत होतो."

मालोजीरावांनी सारे नीट ऐकून घेतले आणि मान डोलावली.

"सरी, बरं. नाव चांगलं आहे हो, अक्का." मग ते पाटावरून उठू लागले. "पण मला आता स्वल्प, जराशी वाट द्या. घरी जायला हवं. आमची ती जेवायची थांबली असेल."

सगुणाबाईंनी उठून त्यांना वाट दिली. मग तोल जाऊ नये म्हणून त्यांचा हात धरून त्या दारापर्यंत सोबत गेल्या.