बत्तीसची कंबर

चौकातल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. सातशे गिऱ्हाइकांची मापं त्यांनी मुलीकडून संगणकात भरून घेतली होती. पुढे संगणक इतका मंदावला की एक माप उघडेपर्यंत बाहीला अस्तर लावून व्हायचं.

त्यांचा मेव्हणा झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "दाजी, डिस्क पुसून कोरी करू. मग बॅकअपमधून सगळं जसंच्या तसं!"

संगणकाने दोनदा विचारलं, नक्की पुसायचं? मास्तरांनी दोन्ही वेळा मान हलवली आणि मेव्हण्याने बटण दाबलं. बॅकअप परतही आला. फक्त तो अकरा वर्षांपूर्वीचा होता, आणि हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

आठवड्याने शाळेचे हेडमास्तर नवी पँट न्यायला आले. पडद्याआड बराच वेळ धडपड झाली. शेवटी ते घामाघूम होऊन बाहेर डोकावले.

"मास्तर, ही गुडघ्याच्या वर येत नाही!"

मास्तरांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "कंबर बत्तीस. हे बघा, तुमचंच नाव."

"अहो, मी चाळीसचा! समोर उभा आहे की!"

"उभे आहात हो. पण नोंदीत तसं नाही."

हेडमास्तर त्या आकड्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "राहू द्या पँट. मी कमी होऊन येतो."

बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? जो तो आपला जुना आकडा बघायला येऊ लागला. चौकातल्या दंतवैद्यांनी दोन सदरे शिवायला टाकले, तेही जुन्याच मापाचे. नव्याने माप देतो म्हणणारा एक माणूस सापडेना. कुणाच्या अंगात न जाणाऱ्या कपड्यांनी दुकान गच्च भरलं. मास्तरांचा मात्र नोंदीवर पूर्ण विश्वास; त्यांना वाटू लागलं, आपला हातच बिघडला.

एके दुपारी बायको डबा घेऊन आली. लोंबणारे कपडे बाजूला सारत ती आत शिरली आणि टेप त्यांच्या हातात कोंबून ताठ उभी राहिली.

"घ्या माझं माप. कोट शिवायचाय."

"तुझं आहे की संगणकात."

"त्यातलीला कोट नकोय. मला हवाय."

मास्तरांनी टेप धरली. कंबर चार इंच वाढलेली, खांदा किंचित उतरलेला. खांद्यापाशी त्यांचा हात थबकला. "हे कधी झालं गं?"

"होत होतं रोज. तुम्ही मान खाली घालून शिवत होतात."

त्यांनी ते माप एका बोटाने, अक्षर शोधत शोधत स्वतः भरलं. दुसऱ्या दिवशी दारात पाटी लागली: 'माप दिल्याशिवाय शिलाई नाही.' लोक कुरकुरले, पण रांगेत उभे राहिले. आत येताना पोट मात्र प्रत्येकाने ओढून धरलेलं. मास्तर टेप घेऊन शांतपणे थांबत. श्वास सोडल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती.