अनसामावशीची शेवरी

अनसामावशी गुरांच्या चाऱ्यासाठी शेवरी कापताना दर फांदीमागे एक शिवी हासडायची. शिवी शेवरीला नसे, पाटलाला असे. लग्न होऊन मी धाड गावाजवळच्या त्या खेड्यात आले, तेव्हा शेजारच्या वावरातली ही बाई वेडी असावी असंच मला वाटलं. कारण कळल्यावर मीही मनातल्या मनात तिच्या शिव्यांना हो म्हणू लागले.

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची ही गोष्ट. तिची गाभण कपिला पाटलाच्या बांधावर दोन घास खाताना सापडली. पाटलानं तिला कोंडवाड्यात घातलं. मावशी पाण्याची घागर घेऊन गेली, तर तिला आत जाऊ दिलं नाही. पाटील म्हणाला, कायदा सगळ्यांना सारखा. भर वैशाखात गाय तिथंच मेली.

त्यानंतर मावशीनं स्वतःच्या बांधाला दाट शेवरी पेरली. पहिला उन्हाळा डोक्यावरून पाणी वाहून जगवली, आणि झाडं कंबरेच्या वर गेल्याशिवाय पानाला हात लावला नाही. मलाही कापायला तिनंच शिकवलं.

"गुडघ्याच्या वर काप वं बाई, मंग पुन्हा फुटते. बुडातून कापलं का मेलं." मग विळा पुसत म्हणायची, "पाटलाले मी बुडातून कापनार हाय."

एका वर्षी पाऊस रुसला. उन्हाळ्यात गावातला कडबा संपला. हिरवं म्हणून उरला फक्त मावशीचा बांध. पोळ्याला तोरणाखालून पहिला जायचा मान पाटलाच्या सर्जाचा. त्याच्याही बरगड्या दिसू लागल्या, तेव्हा पाटलानं गडी पाठवला. पेंढी मिळणार नाही, बैल घेऊन ये, मी माझ्या हातानं चारीन, असं तिनं सांगितलं. बाई विरघळली, असं लोक म्हणाले. उन्हाळाभर सर्जानं तिच्या हातून खाल्लं. पुढे रान हिरवं झालं तरी जाता-येता तो तिच्यापाशी थांबायचाच.

पोळ्याचं तोरण वेशीत, तिच्या वावरासमोरच. झूल आणि बाशिंग घालून सर्जा सगळ्यांच्या पुढे उभा होता. मावशीनं हाक मारली नाही. हातात शेवरीची पेंढी घेऊन नुसती बांधावर उभी राहिली. सर्जानं गड्याच्या हातून कासरा हिसकावला आणि सगळ्या गावादेखत तिच्या शेवरीत तोंड घातलं. मागचा दुसराच बैल तोरणाखालून गेला.

मावशीनं कासरा धरला. "पाटील, तुमचा बैल माह्या वावरात शिरला. कायदा सगळ्यायले सारखा."

सजवलेल्या सर्जाला तिनं आधी पोटभर पाणी पाजलं, मग स्वतः कोंडवाड्यात नेऊन घातलं. तिला कोणी अडवलं नाही. पाटलाला चारचौघांसारखं दारात उभं राहून आपला बैल मागावा लागला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशीची पुरणपोळी मला फारच गोड लागली.

दिवेलागणीला मी उड्या मारतच तिच्याकडे गेले. मावशी ओट्यावर एकटीच बसली होती. आता तरी फिटलं ना सगळं, मी विचारलं.

"त्याचा बैल सांजच्याले घरी आला, बाई," ती म्हणाली. "माही कपिला नाही आली."