वाचायचा पिच्चर

देवीदासजी ढोमणेंचे कान रोलिंग मिलनं नाही, त्यांच्या हट्टानं नेले. कानात घालायला दिलेले प्लग तीस वर्षं खिशातच फिरले, आणि रिटायर होईस्तोवर दोन्ही कान ठार बहिरे. मुलानं मशीन आणून दिलं, तर म्हणे घुंई करते. ते गेलं कपाटात.

असा माणूस दर जानेवारीत भिलाईच्या फिल्म फेस्टिवलला तिन्ही दिवस पहिल्या रांगेत! लोकांना नवल वाटायचं. अहो, नवल कसलं? तिथे परदेशी सिनेमे लागतात आणि खाली हिंदीत ओळी येतात. बाकीचे बघायचे, हे वाचायचे. 'वाचायचा पिच्चर' हे नावच त्यांनी ठेवलं होतं. सिनेमानंतर चर्चा असते. तिच्यात पहिला प्रश्न यांचा, तोही एवढ्या मोठ्यानं की माइक नको.

फेस्टिवलवाले पोरापोरींना कॅमेराही शिकवतात. यंदा त्यात शिकून नात प्राचीनं वीस मिनिटांचा सिनेमा केला. आजी, म्हणजे कलावतीबाई, क्वार्टरच्या अंगणात मुगवड्या घालते आणि बोलते, एवढाच. घरचीच भाषा, आणि हॉलमध्येही ती समजणारेच जास्त, म्हणून खाली ओळी घालायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

पहिल्या दिवशी तो लागला. हॉल हसला, मग बाया डोळे पुसू लागल्या. देवीदासजींना काही कळेना. ओठ वाचावेत, तर बायकोचं तोंड मुगवड्यांवर वाकलेलं. काय बोललीस, असं विचारलं तर कलावतीबाईंनी हातानंच सांगितलं, काही नाही, मुगवड्यांचं. यांना ऐकू जाणार नाही, या भरवशावरच तर त्या बोलल्या होत्या.

घरी देवीदासजी जेवले नाहीत. फार लागलं होतं त्यांना. प्राचीला म्हणाले, "साता समुद्रापारच्या बाया काय बोलतात ते मले समजते. माह्या घरचीच समजली नाही."

पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा अख्खा दिवस ती आयोजकांच्या कॉम्प्युटरपुढून हलली नाही. तिसऱ्या दिवशी सिनेमा ओळींसकट पुन्हा लावायचं ठरलं, तसं कलावतीबाईंचं डोकं दुखू लागलं. पण देवीदासजींनी त्यांच्या चपलाच पुढ्यात आणून ठेवल्या. जावंच लागलं.

पडद्यावर एकेक मुगवडी पडत होती आणि खाली, घरच्याच बोलीत, ओळ आली: 'समोर कधी म्हणाची हिंमत नाही झाली. आता यायले ऐकू येत नाही, तं रोज पाठीमागून सांगतो, तुमच्यासंग माहं बरं गेलं.'

चर्चा सुरू झाली. सवयीप्रमाणे देवीदासजी पहिले उभे राहिले.

"मले प्रश्न नाही," ते म्हणाले. "उत्तर द्याचं आहे." मग कलावतीबाईंकडे वळून, आपल्या नेहमीच्याच आवाजात, "माहंही बरं गेलं."

साऱ्या हॉलनं ऐकलं. कलावतीबाई पदर तोंडाशी धरून पुटपुटत होत्या, हळू बोला, लोक ऐकून राहिले. तेवढं मात्र देवीदासजींना ऐकू आलं नाही.