साठ किलोमीटरवरचा भोंगा

भूत, भास, संकेत... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी नागपूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. तरीही हे लिहितेय.

बाबा चंद्रपूरकडच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं मशीनवर होते. कारखान्याच्या कॉलनीत आमचं घर भोंग्यावर चालायचं. सकाळी आठचा, कामावर निघायचा भोंगा झाला की आई त्यांच्या तळहातावर प्रेशरची गोळी ठेवायची, वर गुळाचा खडा. माझी वेणीही भोंग्याच्या आत झालीच पाहिजे! काय दिवस होते ते...

मशीनच्या आवाजाने बाबांचे कान गेले. रिटायर झाल्यावर दोघं गावी आले — चामोर्शी तालुका, मार्कंड्याच्या अलीकडे. कारखाना तिथून साठ किलोमीटर, मधे जंगल आणि वैनगंगा. आई गेली, बाबांच्या गोळ्या चुकू लागल्या आणि एक अटॅक येऊन गेला. मोबाईलचा अलार्म सोडा, त्यांना फोनवरचं बोलणंही ऐकू येत नाही. मी म्हटलं, नागपूरला चला. तर म्हणाले, "मी इथीच मरीन, पन तुह्या फ्लॅटात नाई येत."

शेवटी डॉक्टरांनी प्रयोगातल्या नव्या गोळ्या दिल्या. गोळीत वाळूच्या कणाएवढा सेन्सर. पोटात गेला की पोटावरच्या पट्टीला कळतं आणि माझ्या मोबाईलवर वेळेसकट टिक येते. करार ठरला — टिक चुकली की बाबा नागपूरला.

दोन महिने रोज टिक, आठ वाजून चार-पाच मिनिटांनी. मग एका मंगळवारी आलीच नाही. साडेआठला मी गाडी काढली. उमरेडला चहाला थांबले तेव्हा दिसली — आठ एकोणपन्नासची. तरी ठरवलं, आता बास.

बाबा अंगणात निवांत बसले होते. मी कानाशी ओरडले, "आज उशिरा काऊन घेतली?"

"भोंगाच उशिरा झाला, त मी का करू? भोंगा झाला का घेतो मी रोज."

मला रडूच आलं. डोकं गेलं यांचं, म्हणत त्यांची बॅग भरायला घेतली. भरता भरता, का कोण जाणे, कॉलनीतल्या जुन्या शेजारीण काकूंना फोन लावला आणि आजच्या भोंग्याचं विचारलं.

"अवं बाई, तुले कसं मालूम?" त्या म्हणाल्या. "आज लाइट गेल्ती. आठचा भोंगा पाऊन घंटा उशिरा झाला."

मी बॅग रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी आठला बाबांजवळ अंगणात उभी राहिले. कोंबड्या, कुणाचा तरी ट्रॅक्टर... बाकी काही नाही. बाबांनी एकदम मान वर केली. डबीतली गोळी तळहातावर घेतली, वर गुळाचा खडा ठेवला आणि तोंडात टाकली. चार मिनिटांनी माझा मोबाईल वाजला.

दोन्ही कान धड असून मला काहीच ऐकू आलं नाही... आणि खरं सांगू? भीती नाही वाटली. बाबांचा हेवा वाटला.